गारठा नव्हे, ओल: हिवाळ्यातल्या डुकरांचा एक दिवस

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेलगत हेरफर्डशर आहे. सफरचंदाच्या बागा, तांबडी चिकण जमीन आणि ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत न हटणारी ओल, ही या भागाची ओळख. इथे बारा एकरांवर आम्ही नवराबायको थोड्या मेंढ्या आणि थोडी डुकरं पाळतो. चार डुकरिणी, एक नर आणि शरदात जन्मलेली आठ वाढती पिल्लं. दरवर्षी पानगळ सुरू झाली की प्रश्न तोच असतो: हिवाळ्यात जनावरं आत घ्यायची की बाहेर ठेवायची?

ब्रिटनमधल्या सुमारे ४० टक्के डुकरिणी उघड्या रानात राहतात. पण त्यांतल्या पुष्कळ पूर्वेकडच्या नॉरफोक, सफोकसारख्या भागांत आहेत. तिथली जमीन हलकी, वाळूसर, पाणी झिरपून जाणारी, पाऊसही कमी. आमच्या चिकणमातीवर तो कित्ता जसाच्या तसा गिरवता येत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक जनावराचं वय, त्याची अवस्था आणि त्याच्या पायाखालची जमीन बघून ठरतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला हा एक दिवस.

पहाटे ६.००

बाहेर उणे पाच अंश. सूर्य उगवायला अजून सव्वादोन तास आहेत. डोक्याला बॅटरी बांधून मी आधी दगडी गोठ्याकडे जाते. तिथे ठिपकी आहे, ग्लॉस्टरशर ओल्ड स्पॉट्स जातीची, लोंबत्या कानांची. सहा दिवसांपूर्वी ती व्यायली. दहा पिल्लं आहेत.

दार उघडण्याआधी मी फटीतून बघते. डुकरांना थंडी वाजतेय का, हे त्यांच्या झोपण्यावरून कळतं. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून झोपली असतील तर त्यांना गारठा लागतोय. दिव्यापासून लांब, भिंतीकडेला पांगली असतील तर उकडतंय. एकमेकांना नुसती टेकून, कुशीवर, पाय सोडून झोपली असतील तर सगळं ठीक. आज ती पाय सोडून झोपली आहेत.

ही ओली बाळंतीण बाहेर का नाही, याचं कारण या पिल्लांच्या शरीरात आहे. कोकराला किंवा माणसाच्या बाळाला जन्मतः ऊब निर्माण करणारी एक खास तपकिरी चरबी असते. डुकराच्या पिल्लाला ती नसते. जेमतेम दीड किलोचं ओलं अंग, त्यावर केस नावापुरते. कुडकुडणं एवढाच त्याचा उपाय. पहिल्या दिवसांत त्याला तीस अंशांहून जास्त ऊब लागते, आणि त्याच गोठ्यात त्याच्या आईला मात्र अठरा-वीस अंश पुरतात. म्हणून कोपऱ्यात आडव्या फळीमागे पिल्लांची वेगळी जागा केली आहे. आई तिथे शिरू शकत नाही आणि वर तांबडा उष्णतेचा दिवा लोंबतो. तो वायरीने टांगायचा नाही, साखळीनेच टांगायचा. काडात दिवा पडला तर गोठा राहत नाही. मी रोज साखळीचे दोन्ही आकडे हाताने ओढून बघते. उजेडात बघून भागत नाही.

पिल्लं थंडीने मरतात म्हणतात, पण बहुतेक वेळा मरण आईच्या अंगाखाली येतं. गारठलेलं पिल्लू ऊब शोधत आईला चिकटून झोपतं आणि दोनशे किलोची आई कूस बदलते. दिव्याखालची जागा आईच्या कुशीपेक्षा उबदार ठेवणं, हाच त्यावरचा इलाज.

सकाळी ७.००

आता पाणी. हिवाळ्यातलं सगळ्यात जड काम हेच. रानातली काळी नळी अशा थंडीत गोठून दगड होते. तशी ती होणार हे माहीत असल्याने संध्याकाळीच तिच्यातलं पाणी काढून टाकलं होतं, म्हणजे फुटायची भीती नाही. पाणी घरातून, प्लास्टिकच्या कॅनमधून जातं.

बाहेर आम्ही जाड रबरी घमेली वापरतो. ती उलटी करून वर पाय दिला की बर्फाची चकती सुटून पडते. लोखंडी भांड्यावर कुऱ्हाड घालावी लागते. थोडं कोमट पाणी मिसळते. गार पाणी डुकरं कमी पितात आणि कमी प्यायलेलं डुक्कर खातही कमी.

नव्याने डुकरं पाळणारे इथे फसतात. थंडीत तहान कमी, असं त्यांना वाटतं. पण दूध पाजणारी डुकरीण दिवसाला तीस लिटर पाणी सहज पिते. आणि पाण्याविना राहिलेल्या डुकराला विषबाधा होते, ती त्याच्याच खाद्यातल्या मिठाची. मेंदूला सूज येते, जनावर आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, झटके येतात. त्यानंतर घाईने पोटभर पाणी पाजलं तर सूज आणखी वाढते. घोट घोट द्यावं लागतं. उणे पाच अंशांत गोठलेलं घमेलं म्हणजे रिकामं घमेलं. बर्फाकडे बघून ‘पाणी आहे’ असं वाटू देऊ नये.

ठिपकीचं खाणं इथेच उरकते. तिच्या पोटासाठी अडीच किलो गोळीपेंड आणि दर पिल्लामागे साधारण अर्धा किलो, असा हिशोब. दहा पिल्लांची आई दिवसाला सात किलोच्या पुढे जाते. ते दोन वेळांत विभागून द्यायचं.

सकाळी ८.१५

उजाडलं. वरच्या चढावर जाते. तिथे तांबडी, काळी, भुरी आणि नर असे चौघे बाहेर आहेत. तांबडी टॅमवर्थ जातीची, राठ केसांची, पाऊसवाऱ्याला न जुमानणारी. काळी लार्ज ब्लॅक, डेव्हन-कॉर्नवॉलकडची. भुरी या दोन जातींच्या संकरातली. तिघीही गाभण. गाभणपण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, असा इथला पाठ आहे. म्हणजे सुमारे ११४ दिवस. या तिघींचे दिवस फेब्रुवारी-मार्चात भरतील.

त्यांचं घर म्हणजे अर्धगोल पत्र्याचं, तळ नसलेलं खोपटं. त्याला आर्क म्हणतात. आतून लाकडी अस्तर लावलेलं, म्हणजे श्वासाची वाफ पत्र्यावर थिजून पाठीवर ठिबकत नाही. दोन आर्क आहेत, पण थंडीत चौघंही एकातच दाटीने झोपतात. गुडघाभर गव्हाचं काड टाकलेलं. सकाळी दारातून वाफ येताना दिसते. उघड्या काँक्रीटवर एकट्या पडलेल्या डुकरिणीला जे तापमान सोसवत नाही, त्याहून कितीतरी खालच्या तापमानात त्या जाड काडावर एकमेकींना टेकून निवांत झोपतात. खालचं काड हळूहळू कुजतं आणि त्याचीही ऊब वर येते.

मी गोळीपेंड एका जागी ओतत नाही. गोठलेल्या कडक जमिनीवर लांब रेघेत पसरते, म्हणजे दांडगी दुबळीला हटवत नाही आणि सगळ्यांना चालावं लागतं. आणि मी उभी राहून बघते. बादलीचा आवाज आल्यावर न येणारं डुक्कर आजारी असतं, असं धरून चालायचं. आज चौघंही आले. बाहेरच्यांना थंडीत नेहमीपेक्षा जास्त खाणं लागतं, कारण त्यातला काही भाग नुसता अंग तापवण्यात जातो. मी दर आठवड्याला त्यांच्या पाठीच्या कण्यावर आणि कमरेच्या हाडांवर तळहात दाबते. हाड चटकन लागलं तर वाढवायचं, दाबूनही लागलं नाही तर कमी करायचं.

आज एक गोष्ट बदलली आहे. आर्कचं दार आग्नेयेला आहे, कारण इथला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. पण असं कोरडं कडक हिव पडतं तेव्हा वारा पूर्वेकडून येतो, थेट दारात. मी दारासमोर काडाचे गठ्ठे रचून आडोसा करते. थंडीपेक्षा थंडीचा झोत वाईट. वारा अडला की उणे पाच सोसता येतं.

झटका मशीनची तारही बघते. दोन तारा, खालची नाकाच्या उंचीवर. डुकरं माती उकरून तारेवर ढकलतात आणि करंट जमिनीत उतरतो. शिवाय गोठलेल्या जमिनीत अर्थिंग नीट मिळत नाही. तार मेली आहे, हे डुकरांना आमच्याआधी कळतं.

सकाळी ९.३०

घरात न्याहारी. बटाट्याच्या साली, उरलेला भात, शिळी पोळी सगळं कंपोस्टात जातं. डुकरांना नाही. माणदेशात वाढलेल्या मला हे अंगवळणी पडायला वेळ लागला, कारण आमच्याकडे उरलंसुरलं जनावरापुढे जाणं ही घराची शिस्तच. पण २००१ साली इथे लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली. ती उत्तर इंग्लंडमधल्या ज्या डुक्करपालन केंद्रातून पसरली, तिथे नीट न उकळलेलं उष्टं खाऊ घातलं जात होतं. साथ आवरेपर्यंत साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. तेव्हापासून स्वयंपाकघरातून गेलेलं खाद्य डुकरांना घालणं हा गुन्हा आहे. बागेत गळालेली सफरचंदं थेट रानात नेऊन टाकता येतात. तीच घरात आणून चिरली की चालत नाहीत.

आमच्या रानातून सार्वजनिक पायवाट जाते. कुंपणावर पाटी आहे: कृपया डुकरांना काही खाऊ घालू नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू मांसाच्या पदार्थांत महिनोन्महिने तग धरतो. २०२० मध्ये तो भारतातही, आसाम-अरुणाचलात पोचला. फिरायला आलेल्या कुणी प्रेमाने टाकलेला सॉसेजचा तुकडा आमचं, आणि शेजाऱ्यांचंही, सगळं संपवू शकतो.

सकाळी १०.३०

आता गुरांच्या जुन्या कोठारात. तिथे आठ वाढती पिल्लं आहेत, अकरा आठवड्यांची. कोठाराची एक बाजू उघडी आहे आणि जमिनीवर काडाची खोल गादी. गादी रोज उपसत नाही. वर रोज नवं काड पसरतो. खालून ती आंबत राहते आणि तापते. मार्चमध्ये ट्रॅक्टरने सगळं उपसून खताच्या ढिगात.

डुक्कर घाणीत लोळणारा प्राणी, ही समजूत इथे उभं राहिलं की टिकत नाही. जागा पुरेशी असेल तर पिल्लं झोपायचा कोपरा कोरडा ठेवतात आणि ओल्या, वाऱ्याच्या कोपऱ्यातच घाण करतात. म्हणून पाण्याचं भांडं मी त्या कोपऱ्यात ठेवलं आहे. सांडलेलं पाणी आणि घाण एकाच जागी राहते, अंथरूण कोरडं राहतं. पिल्लांनी अंथरुणात घाण करायला सुरुवात केली की समजायचं: गर्दी झाली, नाहीतर झोपायच्या जागेवर झोत येतोय.

आत ठेवण्याचे धोकेही आहेत. ऊब टिकावी म्हणून माणसं कोठार बंद करून टाकतात. मग ओल साचते, अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि पिल्लं खोकू लागतात. मी गुडघे टेकून पिल्लांच्या नाकाच्या उंचीवर श्वास घेते. उभ्या माणसाला जो वास येत नाही, तो तिथे येतो. आज हवा स्वच्छ आहे. पिल्लांच्या उंचीला भिंत बंद आणि छताखाली फट उघडी, असा हा बंदोबस्त आहे.

दुसरं म्हणजे लोह. डुकरिणीच्या दुधात लोह फार थोडं. रानात जन्मलेली पिल्लं माती उकरून, चाटून ते मिळवतात. आत जन्मलेल्यांना पहिल्या आठवड्यात इंजेक्शन द्यावं लागतं. ठिपकीच्या पिल्लांना ते दिलं आहे. तरीही मी बागेतलं, जिथे कधी डुकरं फिरली नाहीत अशा जागेचं, गवतासकट मातीचं ढेकूळ आणून गोठ्यात टाकते. डुकरं फिरलेल्या जमिनीत जंतांची अंडी वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून जागा निवडून. सहा दिवसांची पिल्लं त्या ढेकळाभोवती गोळा होतात आणि नाकाने ते उलथायला बघतात. उकरणं त्यांना कुणी शिकवत नाही. आत ठेवलेल्या डुकराला काड, माती, मुळं असं काहीतरी द्यावंच लागतं. नाहीतर हीच ओढ शेजारच्याची शेपटी चावण्यात जाते.

दुपारी १.३०

आईचा फोन. तिकडे संध्याकाळचे सात.

“किती हिव आहे गं?”

“उणे पाच होतं सकाळी.”

“आणि ती गाभण जनावरं बाहेर? काकडून जातील की बिचारी. आत घे बाई त्यांना.”

“आई, त्यांच्या काडात हात घातलास तर शेकेल तुझा हात. कोरडं आहे सगळं.”

ती थोडा वेळ गप्प राहते. मग विचारते, “आणि पाऊस लागला म्हणजे?”

माणसारख्या अवर्षणी तालुक्यात जन्म गेलेल्या बाईने नेमक्या जागी बोट ठेवलं. तिच्या माहेरी मेंढ्यांचा वाडा नेहमी उताराला असे, पाणी आणि मूत वाहून जावं म्हणून. ओल्या जागी बसलेली मेंढी खुरांनी जाते, हे ती लहानपणापासून बघत आली. मी तिला हवामानाचा अंदाज सांगते: उद्या संध्याकाळी वारा फिरणार, पश्चिमेकडून पाऊस, तापमान आठ-नऊ अंश.

“मग उद्याच घे आत,” ती म्हणते.

दुपारी २.१५

तेच काम आता सुरू आहे. कोठाराचा दुसरा निम्मा भाग रिकामा आहे. नवऱ्याने लोखंडी फाटकं लावून तो वेगळा केला. मी काड पसरते. गव्हाचं काड ओल शोषतं, बार्लीचं मऊ असतं. खाली गहू, वर बार्ली.

इथे लोक थबकतात. उणे पाचला बाहेर आणि अधिक आठला आत, हे उलटं वाटतं. पण आमच्या जमिनीवर हेच बरोबर आहे. गोठलेली जमीन कडक आणि कोरडी असते. काड कोरडं राहतं, पाय कोरडे राहतात. बर्फ वितळून त्यावर पाऊस पडला की तांबडी चिकणमाती दोन दिवसांत पोटापर्यंतचा राडा होते. डुकरं तो चिखल अंगाला आणि पायांना घेऊन आर्कमध्ये शिरतात, काड भिजतं आणि भिजलेलं अंथरूण ऊब देण्याऐवजी अंगातली ऊब ओढून घेतं. खूर मऊ पडतात, चिरतात, त्यात माती शिरते, जनावर लंगडतं. गाभण डुकरीण घोटाभर चिखलात घसरली तर कंबर जाते. आणि ते रान? ओल्या चिकणमातीवर चार जनावरांनी आठवडाभर तुडवलेला तुकडा पुढचा उन्हाळाभर गवत धरत नाही. वरची माती पावसाबरोबर ओढ्याला जाते.

जुन्या काळी छोट्या शेतकऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नसे. वसंतात पिल्लू आणायचं, उन्हाळाभर वाढवायचं आणि नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाच्या सुमाराला, कापून खारवायचं. हिवाळ्यात खाऊ घालायची डुकरं थोडीच उरत. आजही पुष्कळ लहान पाळणारे तसंच करतात आणि ते शहाणपणाचंच आहे. ज्यांना पैदास करायची आहे, त्यांनाच हिवाळ्याला उत्तर द्यावं लागतं.

दुपारी ३.००

आत घेण्याआधी कातडी तपासायची. थंडीत डुकरं चिकटून झोपतात आणि खरजेचे किडे एकीवरून दुसरीवर जातात. कानाच्या आत, पुढच्या पायांच्या मागे खपल्या दिसतात का, जनावर सारखं खांबाला घासतं का, हे बघते. काळीच्या कानात थोडी काळपट खपली आहे. पशुवैद्याशी फोनवर बोलून तिला इंजेक्शन द्यायचं ठरलं. एकीला असेल तर बाकीच्यांनाही द्यावं लागतं, नाहीतर कोठारात सगळ्यांना. औषधाचं नाव, तारीख, मात्रा आणि मांस विकण्याआधी किती दिवस थांबायचं, हे सगळं औषधांच्या वहीत लिहिलं जातं. कायदा आहे म्हणून लिहायचं हे खरं, पण पुढच्या हिवाळ्यात काय बिघडलं हे शोधताना हीच वही कामाला येते.

दुपारी ३.४५

सूर्य चारला मावळेल. दुसरं खाणं उजेडातच उरकायचं. चढावर पोचते तर भुरी तोंडात काडाची पेंडी घेऊन आर्कमध्ये शिरतेय, पुन्हा बाहेर येऊन आणखी एक उचलतेय. हवा बदलायच्या आधी डुकरं असं अंथरूण घालतात, आणि डुकरांना वारा दिसतो अशी इथे जुनी समजूत आहे. मला एवढंच दिसतं की त्यांना काड हवं आहे आणि ते वेळेवर हवं आहे. रात्रीपुरता आणखी एक गठ्ठा सोडते.

संध्याकाळी ६.३०

हिशोब. हिवाळ्यात काडाचा खर्च वाढतो, खाद्य जास्त लागतं, वाढत्या पिल्लांचं वजन हळू चढतं. सहा-सात महिन्यांची झाली की ही आठ पिल्लं खाटिकखान्यात जातील. मी ते लपवत नाही. त्यांनी जगलेले महिने कोरडे, पोटभर आणि उकरायला मोकळे असावेत, ही आमची जबाबदारी आहे आणि तिचा खर्च मांसाच्या किमतीत धरायला हवा. तो धरला नाही तर कुणीतरी काडात काटकसर करतं, आणि ती काटकसर जनावराच्या अंगावर निघते.

रात्री ९.००

शेवटची फेरी. ठिपकीची पिल्लं दूध पितायत. साधारण तासातासाला ती हाक देते. दहाही जण आपापल्या ठरलेल्या सडाला लागतात, आणि दूध सुटतं ते जेमतेम वीस सेकंद. ज्याला जागा मिळाली नाही ते मागे पडतं. सगळ्यात लहान पिल्लू पुढच्या सडाला आहे, तिथे दूध चांगलं असतं. त्याला मी उद्याही बघीन.

घरात येऊन फळ्यावर उद्याचं काम लिहिते. सकाळी सगळ्यांना इंजेक्शन. दुपारी बारापर्यंत चौघं आत. बादली पुढे, मागून फळी, ओढाताण नाही. चढावरचे दोन्ही आर्क ट्रॅक्टरने वरच्या बांधावर हलवायचे, जुनं काड तिथेच खताला पसरायचं. ते रान मार्चपर्यंत रिकामं. जानेवारीत पुन्हा कोरडं हिव पडलं, चार दिवस जमीन कडक राहिली, तर तांबडीला आणि काळीला परत बाहेर सोडायचं, मग थर्मामीटर काहीही दाखवो.